टीप किती, आणि नेमकी कशाबद्दल?

आई-बाबा आमच्याकडे क्वीन्सटाउनला आले होते तेव्हाची गोष्ट. घराजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवलो आणि बिल आलं. मेन्यूकार्डावरच्या किमतींची बेरीज बरोबर १०० डॉलर होत होती, बिलावरचा आकडा मात्र ११९ डॉलर ९० सेंट. बाबांनी चष्मा लावून ते बिल दोनदा वाचलं. इथे मेन्यूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्लस प्लस' अशी खूण असते. पहिला प्लस म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरा म्हणजे ९ टक्के जीएसटी. हा जीएसटी सर्व्हिस चार्जवरही लागतो, म्हणून एकूण वाढ १९ नव्हे तर १९.९ टक्के. शाळेत चक्रवाढ व्याज नीट केलेल्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांना कार्डाचं स्टेटमेंट आल्यावर.

मी पैसे भरले. निघताना बघते तर बाबा ५ डॉलरच्या नोटेची घडी करून वाढणाऱ्या मुलीच्या हातात देत होते.

"बाबा, इथे टीप देत नाहीत. त्यांनी १० टक्के आधीच घेतलेत."

"ते मालकानं घेतले. तिला मिळतात का?"

मी इतकी वर्षं या देशात राहते, रोज बाहेर जेवते, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मग तिथेच त्या मुलीला विचारलं. ती हसली, मागे काउंटरकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "नाही हो, ते कंपनीचं असतं."

संशोधनात माझा बराच वेळ एकाच शंकेत जातो: हे उपकरण जे मोजतंय असं मला वाटतं, तेच ते मोजतंय ना? त्या रात्री टीपेकडेही तसंच बघावंसं वाटलं. टीप हे सेवेचा दर्जा मोजायचं उपकरण आहे, असं आपण धरून चालतो. ते काम ती करते का?

अर्थशास्त्रातलं नेहमीचं स्पष्टीकरण असं. मालक प्रत्येक टेबलापाशी उभा राहून वेटरवर लक्ष ठेवू शकत नाही, गिऱ्हाईक ठेवू शकतं. मग मोबदल्याचा काही भाग गिऱ्हाइकावरच सोपवावा: काम चोख तर जास्त, गलथान तर कमी. ऐकायला झकास. पण यातून दोन भाकितं निघतात आणि दोन्ही तपासता येतात. एक, सेवा आणि टीप यांचा घट्ट सहसंबंध दिसायला हवा. दोन, जिथे पुन्हा पुन्हा जायचं आहे तिथे लोक सढळ हातानं देतील, आणि परगावी, जिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही, तिथे हात आखडता घेतील.

कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन यांनी टीप या विषयात अनेक वर्षं काढली आहेत. २००० साली त्यांनी आणि मॅकॉल यांनी तोवरच्या अभ्यासांचा विदा एकत्र करून पाहिला. गिऱ्हाइकानं सेवेला स्वतःच दिलेले गुण आणि त्यानंच दिलेली टीप यांचा सहसंबंध सरासरी ०.११ निघाला. त्याचा वर्ग केला की साधारण ०.०१२. म्हणजे टिपांमध्ये जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला २ टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या दर्जानं समजतो. माझ्या प्रयोगशाळेत एखादा सेन्सर असा वागला तर आम्ही तो दुरुस्तीलासुद्धा पाठवणार नाही, फेकून देऊ.

दुसऱ्या भाकिताचं काय झालं ते तर फारच मजेशीर आहे. १९८६ साली कानमन, नेच आणि थेलर यांनी लोकांना विचारलं: १० डॉलरच्या जेवणावर, समाधानकारक सेवा मिळाली तर, बहुतेक लोक किती टीप ठेवत असतील? नेहमीच्या रेस्टॉरंटसाठी सरासरी उत्तर आलं १ डॉलर २८ सेंट. पुन्हा कधीच जाणार नाही अशा परगावच्या रेस्टॉरंटसाठी १ डॉलर २७ सेंट. एका सेंटचा फरक! (या तिघांपैकी दोघांना पुढे नोबेल मिळालं, अर्थात यासाठी नव्हे.)

मग टीप हलते कशानं? बिलासोबत चॉकलेट दिलं की वाढते. २००२ साली छापून आलेल्या एका प्रयोगात वेटरनं आधी एक चॉकलेट दिलं, जायला निघाल्यासारखं केलं आणि मागे वळून, जणू आत्ताच मनात आलं म्हणून, आणखी एक दिलं. एकदम दोन देण्यापेक्षा या नाटकाला जास्त टीप मिळाली. बिलामागे हसरा चेहरा काढला तर वेट्रेसची टीप वाढली, वेटरची नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका रेस्टॉरंटमध्ये लिन यांच्या गटाला असं आढळलं, की कृष्णवर्णीय वाढप्यांना गोऱ्या वाढप्यांपेक्षा कमी टीप मिळते, आणि ती कमी देणाऱ्यांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकंही होती. एकाच रेस्टॉरंटचा विदा आहे, त्यावर डोलारा उभारू नये. पण ज्या मोजमापात सेवेचा संकेत एवढा क्षीण आहे, त्यात असली अशुद्धं मिसळायला भरपूर जागा उरते, हे नक्की.

आणि कोणी बघत नसेल तर? उबरनं २०१७ साली अमेरिकेत ॲपमध्ये टीपेची सोय केली, तेव्हा अर्थतज्ज्ञांच्या एका गटानं ४ कोटी फेऱ्यांचा विदा तपासला. जेमतेम १६ टक्के फेऱ्यांवर टीप दिली गेली होती. जवळपास ६० टक्के प्रवाशांनी एकदाही दिली नव्हती, दरवेळी देणारे सुमारे १ टक्का. हेच लोक रेस्टॉरंटमध्ये, वेटर समोर उभा असताना, निमूटपणे पैसे ठेवत असणार. थोडक्यात, टीप बहुतांशी रूढी, समोरच्याची नजर आणि आपली त्या दिवशीची मनःस्थिती मोजते. वाढणाऱ्याचं काम जाता जाता थोडंसं.

हे सगळं मी बाबांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे द्यायची नाही असं म्हणतेस?"

तसं नाही, पण तिथे यायला मला वेळ लागला.

बाबा कॉलेजात असताना दोन वर्षं संध्याकाळी एका हॉटेलात टेबलं पुसायचे, हे मला अर्धवट माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी तपशील सांगितला. गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत सुट्टे पैसे ठेवून जायचं. बशी आधी गल्ल्यावर जायची, बाबांपर्यंत यायची तेव्हा तिच्यात बडीशेपच उरलेली असायची. म्हणून ते आजही टेबलावर ठेवत नाहीत, हातात देतात. आणि एक गोष्ट त्यांनी ओघात सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. एक गृहस्थ रोज चार आणे हातात द्यायचे, पण देण्याआधी काही सेकंद ते नाणं बोटांत धरून ठेवायचे.

आपल्या भाषेतले यासाठीचे शब्द बघा. बक्षिसी, खुशी, चिरीमिरी, दिवाळीची पोस्त. प्रत्येकात देणाऱ्याचा हात वर आहे. बलुतं हा त्यातल्या त्यात हक्काचा शब्द, पण तो हक्क जातीच्या खुंट्याला बांधलेला, आणि सूप किती भरायचं ते खळ्याच्या धन्याच्या हातात. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, त्यातला एक मुद्दा बलुत्याच्या जागी ठरलेला रोख मोबदला मिळावा हा होता. वेटरच्या नोकरीची त्या व्यवस्थेशी बरोबरी करायचा माझा अजिबात इरादा नाही. वेटर नोकरी सोडून जाऊ शकतो. पण माणसाचं पोट कुणाच्या मर्जीवर टांगलेलं नसावं, हा त्यातला मुद्दा रेस्टॉरंटच्या टेबलापाशीही मला लागू वाटतो.

म्हणून माझं मत असं आहे, की मोबदला किमतीतच असावा. मग सिंगापूरचा १० टक्के सर्व्हिस चार्ज हा आदर्श उपाय नाही का? मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं. लहर नाही, नजर नाही, चॉकलेटचं नाटक नाही. गोम एवढीच, की हा पैसा वाढणाऱ्यांना दिलाच पाहिजे असं बंधन इथल्या कायद्यात नाही. काही ठिकाणी वाटतात, काही ठिकाणी तो सरळ मालकाच्या उत्पन्नात जमा होतो, आणि बिलाकडे बघून यातलं काहीच कळत नाही. नाव सेवेचं, म्हणून गिऱ्हाईक वेगळी टीप देत नाही. म्हणजे ज्या रेस्टॉरंटात तो वाटला जात नाही, तिथे वाढणाऱ्याच्या हातून दोन्ही गेलं. मूळ किमतीतच १० टक्के मिळवून मेन्यूकार्ड छापलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. माझा आक्षेप लेबलाला आहे. बाटलीवर एक आणि आत दुसरंच, हे आम्ही प्रयोगशाळेत खपवून घेत नाही.

सिंगापूरमध्ये सरसकट किमान वेतन नाही. क्षेत्रवार वेतनश्रेणी आहेत, आणि १ मार्च २०२३ पासून खाद्यसेवा क्षेत्रालाही तशी श्रेणी लागू झाली आहे. पण ती नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी. वर्क परमिटवर आलेल्या मुलाला तिचं संरक्षण नाही, आणि आपल्या पानात डोसा वाढणारा बऱ्याचदा तोच असतो.

भारतात गाडी उलट्या दिशेनं चालली आहे. जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं, की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही. रेस्टॉरंटवाले न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. गिऱ्हाइकाचा हक्क म्हणून मला हे पटतं. वाढप्याच्या बाजूनं बघितलं तर आपण परत बडीशेपेच्या बशीपाशी आलो आहोत.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक सूचना, कारण हे वाचून कोणी तत्त्वनिष्ठ होईल अशी भीती वाटते. तिथे टीप मिळणाऱ्या कामगाराचं संघराज्याच्या कायद्यानुसारचं रोख किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट आहे. टीप धरून ७ डॉलर २५ सेंट होत नसतील तर उरलेले मालकानं घालायचे, असा नियम आहे. काही राज्यांत परिस्थिती बरीच बरी आहे. तरी एकट्यानं टीप न देऊन व्यवस्था बदलत नाही, त्या रात्रीच्या वेटरचे पैसे तेवढे कमी होतात. निषेध आपला आणि उपास त्याचा, असं होतं. मी तिथे परिषदेला गेले की सरळ २० टक्के देते. वाढणारा हसला तरी तेवढेच, घुम्यासारखा वागला तरी तेवढेच. मी त्याला गुण द्यायला बसलेली नाही. सेवा खरंच वाईट असेल तर मॅनेजरला शब्दांत सांगते, कारण १२ टक्के टीपेचा अर्थ 'सूप गार होतं' असा कोणीही लावत नाही.

हॉकर सेंटरचा मामला वेगळाच. तिथे सर्व्हिस चार्ज नाही, टीपही नाही. स्टॉलवरच्या अंकलना 'सुट्टे राहू द्या' म्हटलं तर ते मागून हाक मारून २० सेंट परत देतात. मेई चिन रोडवरच्या फूड सेंटरमध्ये बाबांनी टेबल पुसणाऱ्या आजींना २ डॉलर द्यायचा प्रयत्न केला. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. बाबांनी पुन्हा पुढे केले, तेव्हा त्या वैतागल्या आणि आमच्या टेबलावरच्या ट्रेकडे बोट दाखवलं. सप्टेंबर २०२१ पासून इथे ट्रे जागेवर नेऊन ठेवणं सक्तीचं आहे, नाही ठेवला तर आधी ताकीद, मग दंड. बाबांनी मुकाट्यानं आमचे ट्रे नेऊन ठेवले. परत येताना शेजारच्या टेबलावर कुणीतरी सोडून गेलेला तिसराही उचलला. आजींनी बघितलं, मान हलवली आणि फडकं पिळायला घेतलं. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "हिला पगार मिळत असणार." सफाई कामगारांसाठी इथे २०१४ पासून वेतनश्रेणी आहे हे मी त्यांना सांगितलं. तो पगार म्हातारपणी टेबलं न पुसता जगायला पुरतो का, हे त्यांनी विचारलं नाही, पण आमच्या दोघांच्याही डोक्यात तेच होतं.

आता सिंगापूरमध्ये मी असं करते. बिल भरताना काउंटरवर, वाढणाऱ्याला नव्हे तर मॅनेजरला, विचारते: हा सर्व्हिस चार्ज स्टाफला मिळतो का? वाढणाऱ्याला विचारलं की त्याची कुचंबणा होते; त्या मुलीनं मागे काउंटरकडे का बघितलं ते मला नंतर कळलं. उत्तर 'हो' आलं तर वर काही देत नाही. 'नाही' आलं, किंवा 'बघून सांगतो' आलं, तर ५ डॉलर हातात देते, आणि बोटांत धरून ठेवत नाही. ही रक्कम घरातून निघतानाच ठरलेली असते. यात विसंगती आहे, मान्य. मर्जीवरचा मोबदला नको म्हणणारी मी तोच देते आहे, मालकाच्या वाटणीचा भार उचलते आहे. माझ्या लॅबमधला एक मित्र म्हणतो, की अशानं मालक कधीच सुधारणार नाहीत. त्याचं कदाचित बरोबर असेल. मात्र तोही आता काउंटरवर विचारायला लागला आहे, आणि दर शुक्रवारी आम्ही दहा-बारा जण जेवायला जातो तिथल्या मॅनेजरला आमचा प्रश्न पाठ झाला आहे.

बाबा दर रविवारी फोनवर आधी तब्येतीचं बोलतात, मग इथल्या पावसाचं, आणि मग विचारतात, "काय गं, त्या मुलीला मिळायला लागले का?"

अजून नाही.