बंपर ठीक आहे, पण मान?

मागच्या महिन्यात कर्वे रोडच्या सिग्नलला मैत्रिणीच्या गाडीत बसले होते. धाडकन आवाज झाला. मागच्या गाडीवाल्याचा ब्रेकवरचा पाय सुटला होता. सगळे उतरले, बंपर बघितला. फक्त एक ओरखडा. 'काही नाही झालं, जाऊ द्या!' आम्हीही हसून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीला मानच वळवता येईना.

आपण सगळे हेच करतो. बंपर बघतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. पण आपल्याला दिसतं ते नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर असतं. त्याच्या आत धक्का शोषणारा फोम आणि त्यामागे धातूची आडवी पट्टी असते. कमी वेगाच्या धडकेत कव्हर दबतं आणि परत जागेवर येतं. आतली पट्टी वाकली तरी बाहेरून सगळं चकाचक! उलट, जुनं कव्हर पार्किंगमधल्या खांबाला टेकलं तरी तडकतं, आणि आत कुणाला काहीच झालेलं नसतं.

अकरावीचं फिजिक्स आठवा. सारख्या वजनाच्या दोन गाड्या आहेत. मागची ताशी 10 किलोमीटरने येऊन थांबलेल्या गाडीला धडकते. दोन्ही चेपून एकमेकींना चिकटल्या, तर पुढची 5 च्या वेगाने ढकलली जाईल. चेंडूसारख्या उसळल्या, तर 10 च्या जवळ. म्हणजे जिथे काहीच चेपलं नाही, तिथे आत बसलेल्याला झटका जास्त! 'जाड गार्ड लावलाय, नो टेन्शन' हेही म्हणूनच चूक. गार्ड धक्का शोषत नाही, थेट चेसीकडे पाठवतो. पादचाऱ्यांना आणि आत बसलेल्यांना धोका म्हणून अशा गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना सांगितलंय.

प्रत्येक टकरीनंतर गळ्यात पट्टा बांधून भरपाई मागा, असं मी म्हणत नाहीये. बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसतं. पण ते बंपरने ठरवायचं नाही. आधी आत बसलेल्यांना विचारा. डिकी नीट लागते का, बघा. फोटो आणि समोरच्याचा नंबर घ्या. मानेचं दुखणं कधीकधी दुसऱ्या दिवशी उठतं, त्यामुळे रस्त्यावरच पाचशे रुपयांत 'मिटवून टाकू' नका. आणि आजच सीटचा हेडरेस्ट वर करा. तो मानेमागे नाही, डोक्यामागे हवा.

बंपर गॅरेजमध्ये बदलून मिळतो. मान नाही मिळत.