शाल, श्रीफळ आणि सरळ रस्ता

परदेशात सायकल मारून परत आलेल्या माणसाचा आमच्या गावी सत्कार होतो. माझाही झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले आणि अध्यक्षमहाशयांनी 'वाळवंट जिंकणारा वीर' अशी पदवीही बहाल केली. समोर शाळेची मुले रांगेने बसवली होती. "ह्यांच्यासारखी जिद्द बाळगा," असे त्यांना तीन वक्त्यांनी तीनदा सांगितले. मी मान खाली घालून नारळ सांभाळीत बसलो. सत्कारमूर्तीने वाद घालू नये असा संकेत आहे. आता तो नारळ वड्यांत खर्ची पडून बरेच दिवस झाले. तेव्हा संकेताचे बंधन सुटले असे समजून आज बोलतो.

माझे म्हणणे एवढेच, की मी काहीही जिंकलेले नाही. आणि मी जिंकलो असे मुलांना सांगणे हे नुसते खोटे नव्हे. ते अपायकारक आहे.

आधी हकीगत सांगतो, म्हणजे निवाडा तुम्हांला करता येईल.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण अंगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे आयर महामार्ग जातो. त्यावर बॅलाडोनिया आणि काइगुना ह्या दोन थांब्यांमध्ये सुमारे १८० किलोमीटर अंतर आहे. थांबा म्हणजे गाव नव्हे. एक पेट्रोलपंप, एक खाणावळ, चार खोल्या. ह्या दोहोंच्या मध्ये दुकान नाही. आणि त्यातले १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण घेत नाही. पुढे नलारबोरचे पठार लागते. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थ 'एकही झाड नाही'. ह्या सरळ पट्ट्यात मात्र झाडे आहेत. सावली देण्याचे काम तेवढे ती करीत नाहीत.

ज्या दिवसाबद्दल मला शाल मिळाली त्या दिवशी मी पहाटे साडेचारला तंबू गुंडाळला. सायकलवर दहा लिटर पाणी, खजूर आणि पाव. पहिले दोन तास मोठ्या आनंदात गेले. सातच्या सुमारास पूर्वेकडून वारा सुटला, तो नेमका छातीवर. ताशी वीसचा वेग आठवर आला. घाट चढताना वळण येते आणि त्या वळणाबरोबर आशा नवी होते. इथे समोरचे टोक तासाभरापूर्वी होते तिथेच होते. माश्या नाकातोंडात जात होत्या. ट्रकांनी उडवलेली कांगारू कडेला पडली होती; ती दिसण्याआधी त्यांचा वास येई. दुपारी दोन वाजता नव्वद किलोमीटर झाले होते, पाणी एक लिटर उरले होते, आणि मी एका खांबाला टेकून बसलो होतो. त्या वेळी माझ्या अंगी जिद्द नावाची वस्तू शोधूनही सापडली नसती.

तेवढ्यात एक गाडी थांबली. मागे जोडलेले फिरते घर, पुढे सत्तरीचे जोडपे. आजोबांनी चार लिटर पाणी ओतून दिले, पीच फळांचा डबा फोडून हातात ठेवला. आजीबाई मला रागावल्या. परक्या देशातल्या आजीचे रागावणे आणि आपल्या आजीचे रागावणे ह्यांत भाषेखेरीज काही फरक नसतो. गाडीतून सोडतो, असेही ते म्हणाले. मी नको म्हटले. ते धैर्यापोटी नव्हे, संकोचापोटी. सूर्य मावळल्यावर वारा पडला आणि रात्री साडेनऊला मी काइगुनाला पोचलो. तिथून पुढच्या प्रदेशात घड्याळ ४५ मिनिटे पुढे करायचे असते. म्हणजे एवढी यातायात करून वर पाऊण तास गेलाच.

ही झाली हकीगत. ह्यात वीर कोण? खांबाला टेकलेला मी, की न मागता थांबलेले ते जोडपे? सत्काराच्या भाषणांत त्यांचा उल्लेख एकदाही आला नाही. कारण मदत घेतली म्हटले की पराक्रमाला उणेपणा येतो, अशी आपली समजूत!

ही समजूत जुनी आहे. तो महामार्ग ज्याच्या नावाचा आहे तो एडवर्ड जॉन आयर १८४१ साली त्या किनाऱ्याने पायी गेला. त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालला तो वायली नावाचा तिथला आदिवासी तरुण. दोघेही पोचले, रस्त्याला नाव एकाचेच लागले.

सायकलीचीही गोष्ट ऐका. १८९६ साली आर्थर रिचर्डसन कूलगार्डीहून अॅडलेडला ३१ दिवसांत सायकलने गेला. रस्ता नव्हता, तारेच्या खांबांची सोबत आणि पाण्याची पिशवी. वाळूच्या टेकड्यांत त्याने सायकल मैलोगणती ढकलत नेली. त्याच्यापुढे माझा डांबरी रस्ता म्हणजे अंगणच. पण त्याहून महत्त्वाचे असे, की त्या काळी कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात सायकल हे हौसेचे साधन नव्हतेच. तिच्यावरून निरोपे टपाल पोचवीत. मेंढ्यांची लोकर कापणारे मजूर तिच्यावरून एका वाडीहून दुसऱ्या वाडीला कामाला जात. त्या वैराण प्रदेशात सायकल आधी पोटासाठी फिरली; आमच्यासारखे हौशी तिच्यामागून गेले.

कुणी म्हणेल, "अहो, पण मुलांपुढे काही आदर्श नको का?" जरूर हवा. मुंबईहून १९२३ साली निघून १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तीन पारशी तरुण मुलांना जरूर सांगा. साहसाला माझा विरोध नाही. मी पुन्हा जाणार आहे. दुसऱ्या टोकाला आमचे मामा आहेत, ते म्हणतात, "पैसे खर्चून जीव धोक्यात घालायची ही नसती उठाठेव कशाला?" त्यांनाही माझे उत्तर आहे, की पाण्याच्या एका घोटाची किंमत मला घरी बसून कळली नसती. माझी तक्रार आहे ती आपल्या तराजूविषयी.

आमच्या आळीत एक दूधवाले दादा येत. अकरा किलोमीटरवरच्या खेड्यातून, पहाटेच्या अंधारात, सायकलीला दोन्ही बाजूंना किटल्या लावून. वारा असो, पाऊस असो, दिवाळीची पहिली अंघोळ असो. माझ्या एका दिवसाचे कौतुक झाले. त्यांचे असे दिवस किती झाले हे कुणी मोजले नाही. दोन वर्षांपूर्वी एक मोटार त्यांना घासून गेली. खांद्याचे हाड मोडले, दूध रस्त्यावर गेले, मोटार थांबली नाही. तेव्हा आळीतली शहाणी माणसे काय म्हणाली? "अंधारात सायकल चालवायचीच कशाला?" सायकल तीच, धोका तोच. मी केले ती जिद्द आणि दादांनी केला तो हलगर्जीपणा! आता त्यांचा मुलगा मोटारसायकलने दूध घालतो. दादांनी सायकल सोडली.

माझ्या सत्काराला ते आले होते, मागच्या रांगेत. नंतर भेटले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली: "तिकडं मागून गाडी आली की काय करतात?"

सगळ्या समारंभात विचारला गेलेला शहाणा प्रश्न तेवढाच. मी सांगितले, की तिकडे दोन-दोन ट्रेलर जोडलेले, तीस मीटरहून लांब मालट्रक धावतात. समोर मोकळे असले की बहुतेक चालक पूर्ण पलीकडे जाऊन पुढे निघत. समोरून दुसरा ट्रक येत असला की मी आरशात बघून खडीवर उतरत असे. साठाच्या वर वेग असलेल्या गाडीने सायकलपासून दीड मीटर दूर राहावे असा पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१७ पासून नियम आहे. दादा म्हणाले, "मग तर सोपं होतं." मी होय म्हटले. शाल खांद्यावर होती. ती अचानक फार जड झाली.

मुलांना जिद्द शिकवायला वक्ते पुष्कळ आहेत. मोठ्यांना अंतर शिकवायला कुणी नाही. सायकलवाला मेला तरी चालेल, पण त्याने जिद्द सोडू नये, असा हा आपला न्याय! रस्ता रुंद केला की कडेची जागा गाड्या उभ्या करायला द्यायची, आणि मग शाळेत जाऊन मुलांना सायकलीचे आरोग्यदायी फायदे सांगायचे, हा निर्लज्जपणा आता पुरे झाला.

तेव्हा वाचकहो, सणाच्या दिवसांत उपदेश नको हे मला समजते. म्हणून मागणे मागतो. ह्या दिवाळीत पुष्कळांच्या दारी नवी गाडी येईल, तिला हार घातला जाईल. ती घेऊन पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा पुढे एखादा सायकलवाला दिसला, तर त्याला दीड मीटर जागा सोडा. दीड मीटर म्हणजे साधारण तुमच्या आजीच्या उंचीइतके अंतर. तेवढे सोडलेत, तर माझी शाल मी आनंदाने परत करीन. नाही तरी ती मला शोभत नाही, आणि दादांकडे नेली होती, तर ते म्हणाले, "मला शाल कशाला? मला रस्ता पाहिजे होता."