यादी कोणी वाचायची?

आमच्या बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्या चढताना डोक्यावरून विमान गेलं, की बायका अजूनही थांबून वर बघतात. (दम खायला तेवढंच निमित्त!) परवा बचत गटातल्या एकीनं विचारलं, "ताई, उडायच्या आधी पायलट म्हणे यादी वाचून एकेक बटण तपासतो. इतकी वर्षं विमान चालवतो, त्याला पाठ नसतं होय?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू येईना. का ते पुढे सांगते.

पाठ असतं हो, तरीही राहून जातं. २० सप्टेंबर २०१८ला जेट एअरवेजचं विमान मुंबईहून जयपूरला निघालं. आत १६६ प्रवासी. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, आणि अशी विमानं दहा हजार मीटरच्या आसपास उडतात. तिथं हवा इतकी विरळ असते, की माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल. म्हणून इंजिनातली दाबाची थोडी हवा प्रवाशांच्या भागात सोडतात. तिचं बटण चालू करायचं वैमानिकांच्या ध्यानातून गेलं. विमान वर चढू लागलं तसं तीसेक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त यायला लागलं, वरून ऑक्सिजनचे मास्क खाली आले. विमान मुंबईला परत फिरवलं म्हणून सगळ्यांचे जीव वाचले.

हेलिओस कंपनीच्या विमानाचं नशीब तसं नव्हतं. १४ ऑगस्ट २००५ला ते सायप्रसहून अथेन्सला निघालं. हवेच्या दाबाचं बटण तंत्रज्ञांनी तपासणीसाठी फिरवलं होतं, ते तसंच राहिलं. वैमानिकांच्या यादीत ते तीनदा येत होतं आणि तिन्ही वेळा नजरेतून सुटलं. धोक्याचा भोंगा वाजला, तो त्यांना दुसऱ्याच कशाचा वाटला. थोड्या वेळात दोघंही बेशुद्ध. १२१ माणसं गेली. बटण रोज ज्या जागी असतं त्याच जागी ते डोळ्यांना "दिसतं". आपलाही हात अंधारात मिठाच्या डब्याच्या नेहमीच्या जागीच जातो, मग तिथं डबा साखरेचा का असेना.

ही यादी मुळात नवशिक्यांसाठी निघालेलीच नाही. १९३५च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बोईंगचं नवं लष्करी विमान चाचणीच्या वेळी कोसळलं. चालवणारा नावाजलेला वैमानिक होता. वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली कळ काढायची तो विसरला. त्यानंतर वैमानिकांनी कागदावर यादी केली. आता एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं बघून उत्तर द्यायचं, अशी रीत आहे.

आता माझं सांगते. गावातल्या एका पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या. मी, तिची सासू, थोरली जाऊ अशा सगळ्या धावलो. गाडी आली, आम्ही निघालो. वीस वर्षं हेच करतेय, मला काय विचारायचं? दवाखान्यात पोचल्यावर नर्सबाईंनी फाइल मागितली. मला वाटलं सासूबाईंनी घेतली, सासूबाईंना वाटलं ताईंनी घेतली. रक्तगट, सोनोग्राफी, सगळं त्या फाइलीत. पोरीचं रक्त कमी होतं, हेही त्यातच लिहिलेलं. दीर मोटारसायकलवर बेडशाला जाऊन येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्यात माझी काही हुशारी नाही.

नंतर धाकटी सून हळूच म्हणाली, "ताई, फाइल फळीवर राहिलेली मी बघितली होती. पण तुम्ही मोठ्या सगळ्या बोलत होतात."

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ती बोलली नाही, कारण आपल्या घरात धाकटीनं बोलायचं नसतं. आणि आम्ही विचारलंही नव्हतं. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ऑपरेशनच्या आधी वाचायची अशीच यादी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार करवली. दिल्लीसह आठ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून बघितली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण शेकडा दीडवरून ०.८वर आलं. त्या यादीत एक गोष्ट अशी, की सुरी लावण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, नर्सनंसुद्धा. एकदा तोंड उघडलं की पुढे काही चुकताना दिसलं तर माणूस बोलतं.

आता आमच्या गटानं एका पुठ्ठ्यावर नऊ गोष्टी लिहिल्यात. फाइल, पैसे, चार्ज केलेला फोन, जुनी लुगडी, रक्त द्यायला येणाऱ्याचा नंबर वगैरे. गाडी सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यात धाकटीनं ते मोठ्यानं वाचायचं, आणि मोठ्यांनी वस्तू हातात धरून दाखवायची. नुसतं "आहे आहे" चालत नाही.

सासवांना हे अजून पचलेलं नाही. "कालची आलेली पोरगी मला विचारणार?" असं परवाच एकीनं मला ऐकवलं. मी म्हटलं, विचारू दे, मलाही विचारते. त्या तोंड फिरवून बसल्या. पण पिशवीत हात घालून फाइल दाखवली त्यांनी.