गेजला खोटं शिकवू नये

परवा बारामतीहून इंदापूरला निघालो होतो. गाडी भाच्याची, हौसेने ट्यून करून घेतलेली. डॅशबोर्डवर हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा गेज. भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो तेव्हा तो कुरकुरला, "मामा, गेज बिघडलाय. ई-२० पेट्रोलला १३.५ यायला हवं, हा १४.७ च दाखवतो. कॅलिब्रेट करून आकडा खाली आणतो."

म्हटलं, थांब बाबा! सेन्सरला ना पेट्रोल कळतं ना इथेनॉल. धुरातल्या ऑक्सिजनवरून तो एवढंच ओळखतो, की इंधन पुरतं जळायला लागते तेवढी हवा आहे की कमी-जास्त. तेच लॅम्डा. तंतोतंत असेल तर १. गेज त्याला १४.७ ने गुणतो, बस्स. पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणून २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. लॅम्डा १ असला की गेज तरीही १४.७ च म्हणणार.

आता आकडा खाली ओढला आणि फुल थ्रॉटलचं जुनं १२.५ चं गणित तसंच ठेवलं, तर लॅम्डा ०.८५ चा ०.९३ होईल. मिश्रण लीन, इंजिन तापणार, पिस्टनचा जीव जाणार.

कॅलिब्रेशन करायचंच तर सेन्सर काढून स्वच्छ हवेत करावं. तिथे ऑक्सिजन २०.९ टक्के, बारामतीत काय नि इंदापुरात काय! आणि गेज सरळ लॅम्डावर ठेवावा.

असो. समोरच्या ट्रॉलीतला ऊस टाकीत पोचलाय. बदललंय इंधन, गेज नाही.