जागतिक सरासरीपासून जिल्ह्यापर्यंत

हवामानाचे प्रारूप म्हणजे वातावरण, समुद्र, जमीन आणि बर्फ यांच्यातील ऊर्जेची व पाण्याची देवाणघेवाण समीकरणांत मांडून ती महासंगणकावर सोडवण्याची पद्धत होय. त्यासाठी पृथ्वी चौकटींत विभागली जाते आणि जागतिक प्रारूपांत अशा चौकटीची बाजू बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असते. कोकणातील अतिवृष्टी आणि सह्याद्रीपलीकडची पर्जन्यछाया त्यामुळे एकाच चौकटीत मिसळून जातात, म्हणून जागतिक प्रारूपाचे निष्कर्ष सीमेवर वापरून मर्यादित क्षेत्राचे गणित बारीक चौकटींवर पुन्हा करणारी प्रादेशिक प्रारूपे आवश्यक ठरतात.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन अतिशय जास्त राहील असे गृहीत धरल्यास शतकअखेरीस ते १९७६–२००५ च्या सरासरीपेक्षा सुमारे ४.४ अंशांनी अधिक असेल. तापमान वाढणार याबाबत प्रारूपांचे एकमत असले, तरी पावसाच्या प्रादेशिक वाटपाबाबत त्यांच्यात बरीच तफावत आढळते, कारण ढगांची घडण चौकटीहून लहान प्रमाणावर होते आणि ती ढोबळ सूत्रांनीच मांडावी लागते.

पिकांचे वाण, धरणांतील पाण्याचे नियोजन आणि शहरांचे उष्णता कृती आराखडे ठरवताना एकाच आकड्यावर विसंबण्याऐवजी अनेक प्रारूपांनी दाखवलेल्या शक्यतांचा संपूर्ण पल्ला विचारात घ्यावा, ही या लेखामागची भूमिका आहे.