मेट्रो वर, आपण खाली

सकाळचे सात. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिस पुलावर बसची रांग, खाली शेअर रिक्षाची रांग, आणि दोन्ही रांगांत निम्मे चेहरे कॉलेजचे. साडेसातचं लेक्चर गाठायचंय, अटेंडन्सचे ७५ टक्के डोक्यावर आहेत, आणि ग्रुपवर एकच चौकशी चालू आहे : ‘आज घोडबंदरला काय झालंय?’

तसं ठाणे हे रेल्वेचंच शहर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली ती ठाण्यातच. पण त्यानंतर पावणेदोनशे वर्षं होत आली तरी शहराच्या पोटातून रेल्वे गेली नाही. मुंबईला पोचणं एकवेळ सोपं, पण कोलशेतहून वागळे इस्टेट गाठणं अवघड, अशी आपली गंमत आहे.

ही गंमत संपवायला अंतर्गत मेट्रोचा प्रस्ताव आला. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला हिरवा कंदील दाखवला. मग खर्च डोळ्यावर आला आणि वाद सुरू झाला : हलकी की जड? याच वर्षी केंद्राने ‘मेट्रोलाइट’ची मानकं जाहीर केली होती. तीन डब्यांची छोटी गाडी, एका खेपेला साधारण ३०० माणसं, शक्य तिथे रस्त्याच्याच पातळीवरून पण स्वतःच्या वेगळ्या पट्ट्यातून धावणारी, आणि खर्च नेहमीच्या मेट्रोच्या सुमारे ४० टक्के. ठाण्यासाठीही हलक्या रेल्वेचा पर्याय पुढे आला. अधिकारी, सल्लागार आणि पुढारी यांच्यात कागद फिरत राहिले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती वर्तुळाकार मेट्रोला. २९ किमी मार्ग, २२ स्थानकं, खर्च १२,२०० कोटी रुपये, आणि २०२९ पर्यंत गाडी सुरू करण्याचं उद्दिष्ट. यातले २६ किमी खांबांवरून आणि ३ किमी जमिनीखालून.

म्हणजे हलकं-जडचा वाद मिटला. मग आता त्यावर लिहायचं कशाला? कारण त्या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं, आणि निर्णय झाल्यावर एका बाजूचं खरं आपण विसरायला लागलोय.

आधी ‘जड’वाल्यांचं खरं. शहर वाढतंय, आज स्वस्त म्हणून छोटी गाडी आणली आणि पाच वर्षांत ती अपुरी पडली, तर पुन्हा खर्च कोण करणार? याचं उदाहरण मुंबईकरांनी १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात पाहिलं. हार्बर लोकल बंद पडली म्हणून लोक मोनोरेलकडे धावले, आणि गर्दीने भरलेली गाडी म्हैसूर कॉलनीजवळ हवेतच अडकली. गाडीची क्षमता १०४ टन होती, वजन १०९ टनांवर गेलं होतं, असं कारण एमएमआरडीएने दिलं. शेकडो प्रवाशांना क्रेनच्या मदतीने खाली आणावं लागलं. महिन्याभरात मोनोरेल दुरुस्ती आणि सुधारणांसाठी बंदही झाली.

पण थांबा. या मोनोरेलचं खरं दुखणं एका दिवसाच्या गर्दीत नव्हतं, ते एरवीच्या रिकाम्या डब्यांत होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोनोरेल सुरू झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो. शहर एक, वर्ष एक. मेट्रोला पहिल्यापासून गर्दी, आज ती रोज लाखोंना नेते. मोनो मात्र वर्षानुवर्षं प्रवाशांची वाट बघत राहिली. कारणं बरीच आहेत, गाड्या कमी होत्या, खेपा लांबल्या. पण एक कारण अगदी साधं आहे. अंधेरी आणि घाटकोपरला लोकलमधून उतरलं की पूल चढून थेट मेट्रोत जाता येतं. मोनोरेलला असा जोड मिळालाच नाही. लोक गाडीचा प्रकार बघत नाहीत. घरातून निघून वर्गात बसेपर्यंत किती वेळ लागतो, ते बघतात.

आणि इथेच ‘हलक्या’वाल्यांचं खरं येतं. रस्त्याच्या पातळीवरच्या रेल्वेचा मोठा गुण स्वस्ताई हा नाही. फुटपाथवरून चालत आलात की चढलात, हा तिचा गुण. जिने नाहीत, सरकते जिने बंद पडण्याची भानगड नाही, आजीच्या गुडघ्यांची परीक्षा नाही. मुंबईत १९६४ पर्यंत ट्राम होती, तिच्या आठवणी सांगणारे आजोबा भेटले तर विचारून बघा. ती किती वेगात जायची हे ते सांगणार नाहीत; ती कुठे थांबायची ते सांगतील.

आमचं म्हणणं एवढंच आहे. हलकी रेल्वे गेली, तर जाऊ द्या. तिचं शहाणपण मात्र मोठ्या मेट्रोत आलं पाहिजे.

थोडा हिशेब करू. सरकारी अंदाजानुसार २०२९ मध्ये या मेट्रोने रोज ६ लाख ४७ हजार प्रवास होतील. २२ स्थानकांनी भागा. एका स्थानकाच्या वाट्याला सरासरी २९ हजारांहून जास्त माणसं चढणारी, आणि तेवढीच उतरणारी. ही माणसं जिन्यावरून खाली आली की त्यांचे पाय कुठे पडणार? आजच्या घोडबंदर रोडच्या कडेला उभं राहून याचं उत्तर द्या. जिथे फुटपाथ आहे तिथे दुचाकी उभी आहे, जिथे दुचाकी नाही तिथे पेव्हर ब्लॉक उखडलाय, आणि जिथे दोन्ही ठीक आहे तिथे तो फुटपाथ पन्नास पावलांत संपतो. खर्च आहे किलोमीटरला सुमारे ४२० कोटींचा. एवढं करून शेवटची पाचशे पावलं आपण ट्रकच्या कडेने चालणार असू, तर मुलीला संध्याकाळी सातच्या प्रॅक्टिकलनंतर घरचे सांगणार, ‘त्यापेक्षा रिक्षाच कर.’ आणि रिक्षाच करायची, तर मेट्रो कोणासाठी बांधली?

कुणी म्हणेल, आधी मेट्रो तर होऊ दे, फुटपाथचं नंतर बघू. हे ऐकायला व्यवहारी वाटतं, पण उलटं आहे. जिना रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरणार, बस आणि रिक्षा कुठे थांबणार, हे खांब उभे राहण्याआधी कागदावर ठरतं. नंतर खांब हलत नाहीत. शिवाय गंमत बघा : मेट्रोसाठी दिल्लीची मान्यता लागते, परदेशी कर्ज लागतं, फुटपाथ, रस्त्यावरचे दिवे आणि टीएमटीची बस यांतलं काहीही दिल्लीत अडकलेलं नाही. ते आपल्या महापालिकेच्याच हातात आहे.

आता या महापालिकेबद्दल. ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. २०२४ मध्ये शहराच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या प्रकल्पाला मान्यता मिळाली, तेव्हा महापालिकेच्या सभागृहात प्रश्न विचारायला लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. तुमच्यापैकी कित्येकांच्या बोटाला पहिल्यांदा शाई लागली ती तेव्हाच. सेल्फी टाकून झाला असेल, तर आता पुढचं काम करू.

नव्या सभागृहात ‘हलकी की जड’ हा वाद पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. त्यात आधीच पुरेशी वर्षं गेली. मागायच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, प्रत्येक स्थानकाभोवती निदान पाचशे मीटरपर्यंत सलग, उजेडाचा, व्हीलचेअर जाईल असा फुटपाथ, आणि त्यासाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद. दुसरी, मेट्रोच्या वेळेशी जुळणाऱ्या टीएमटीच्या छोट्या बस, सकाळी सातलाही आणि रात्री दहालाही. तिसरी, लोकल, मेट्रो आणि बस यांचा मिळून एकच विद्यार्थी पास. तीन वेगवेगळे पास काढणाऱ्यालाच कळतं की महिनाअखेरीस वडापाव कुठे जातो.

यासाठी मोर्चाच काढायला हवा असं नाही. आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, तो स्थायी समितीकडे आणि मग महासभेपुढे जातो. त्याआधी तुमच्या नगरसेवकाला गाठून विचारा की आमच्या स्थानकाच्या फुटपाथला किती रुपये? उत्तर गोलगोल आलं, तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रकल्पाचा विषय हवाच असेल, तर सिव्हिलवाल्यांनी आपल्या स्थानकाच्या जागेभोवतीचे फुटपाथ मोजावेत, मास मीडियावाल्यांनी ते दाखवावेत.

एक कटू गोष्टही मान्य करू. आज एफवायला असलेल्यांची डिग्री २०२९ च्या आत संपेल. ही गाडी ठरल्या वेळी आली तरी तिच्यातून कॉलेजला जाईल ती आज शाळेत असलेली तुमची धाकटी बहीण. म्हणजे जे मागायचं ते स्वतःसाठी नाही. पण सात वाजताच्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे तिच्यासाठी मागताना तुमच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार?