उताऱ्याची कोंबडी

2024 सालच्या घटस्थापनेची पहाट. आदल्या रात्री सर्वपित्री अमावास्या झालेली. आमच्या वयाला झोप कमीच, त्यामुळे साडेपाचला मी रोजच्यासारखी पिशवी घेऊन खाली उतरले. आमची बुधवार पेठ त्या वेळी फार शहाण्यासारखी वागते. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांची शटरं खाली, लक्ष्मी रस्त्यावर हॉर्न नाही. जाग असते ती फक्त तांबड्या जोगेश्वरीपाशी. त्या दिवशी तर घट बसायचे, म्हणून फुलवाल्यांची लगबग आणि बायकांची रांग.

आमच्या बोळाच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात. तिथल्या विजेच्या खांबाखाली अमावास्येनंतरचा नेहमीचा ऐवज मांडलेला होता. पत्रावळीवर दहीभात, गुलाल, टाचण्या टोचलेलं लिंबू. हे आता इतकं सवयीचं झालंय की एखाद्या अमावास्येला दिसलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी पत्रावळीशेजारी एक काळी कोंबडी होती. जिवंत. दोन्ही पाय काळ्या-लाल दोऱ्यानं करकचून बांधलेले, दोऱ्याचं दुसरं टोक खांबाला. डोक्यावर हळदकुंकू. चोच उघडी टाकून ती नुसती धापत होती.

देवीला निघालेल्या बायका दहा पावलं आधीच रस्ता बदलत होत्या. झाडणाऱ्या मावशींनी सगळा बोळ झाडला, तेवढी जागा सोडली. मला म्हणाल्या, "बाई, हात नका लावू हं." कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातला पोरगा दात घासत उभा होता. त्याला म्हटलं, अरे, तू तरी सोडव तिला. तो म्हणाला, "नको बाई, धंदा बसंल." दिवसाला किती कोंबड्यांच्या मानेवरून सुरी फिरवतो, पण त्या एकीला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

आणि माझी? खरं सांगते, माझीही झाली नाही. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतले, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. आणि मी चक्क पुढे निघून गेले. दगडूशेठच्या समोर भिडे वाड्याची जागा आहे. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो वाडा. जुनी इमारत 2023 च्या डिसेंबरात पाडली, स्मारकासाठी. त्या जागेपाशी पोचले आणि माझे पाय थांबले. जिच्यावर तेव्हाच्या पुण्यानं शेण-दगड फेकले त्या बाईच्या पुण्याईवर मी जन्मभर पगार घेतला, आणि मी एका कोंबडीला घाबरून इथवर आले होते!

माझ्या भीतीला एक जुनं कारण आहे. ते आजवर मी घरातही नीट सांगितलेलं नाही.

आमचं गाव वाई तालुक्यात, मांढरदेवच्या डोंगराच्या अंगाला. (जानेवारी 2005 मध्ये काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसं गेली, तेच मांढरदेव.) 1958 साली मी नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्याला ताप आला, घसा सुजला, श्वास घरघरायला लागला. आजी म्हणाली, बाहेरचं झालंय. देवऋष्याला बोलावलं. त्यानं काळी कोंबडी सांगितली. ती पोराच्या अंगावरून उतरवून तिन्हीसांजेला शिवेवर बांधून आले. मला त्या कोंबडीचा लळा होता. माझ्या हातून दाणे खायची. सगळे घरात असताना मी पळत शिवेवर गेले आणि दोरा सोडला.

कोंबडीला काय कळणार! अंधार पडायला ती आपली सरळ घरी आली आणि खुराड्यापाशी उभी राहिली. आजीनं बघितलं आणि तोंडावर हात घेतला. "इडा माघारी आली गं!" कोंबडीला तिथंच दगडानं मारलं. दुसरी आणायला, पुन्हा देवऋषी बोलवायला, पुन्हा उतरवायला मिळून आणखी दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी बैलगाडीतून वाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घटसर्प आहे, फार उशीर केलात. रात्री तो गेला.

दोरा मी सोडला होता हे कुणालाच कळलं नाही. मला मात्र माहीत होतं.

मोठी झाल्यावर कळलं की घटसर्पावरचं प्रतिविष तेव्हाही होतं, मात्र ते आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत द्यावं लागतं. माझा भाऊ कोंबडी परत आल्यानं गेला नाही, कोंबडीपायी घालवलेल्या दिवसांनी गेला. हे मला बुद्धीला पूर्ण पटतं. तरी सहासष्ट वर्षांनी बुधवार पेठेत खांबाखाली तसाच दोरा दिसला आणि हात पुढे होईना.

असो. तर मी परत फिरले. पर्समध्ये नखं कापायची छोटी कात्री होती, तिनं दोरा कापला. पायांत तो इतका रुतला होता की कातडी निघाली. तिला पदरात गुंडाळून वर आणलं. गॅलरीत एका खोक्यात ठेवलं, उथळ ताटलीत पाणी दिलं. तासाभरानं तिनं चोच बुडवली. (कधी असं पाखरू सापडलं तर चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आधी पाय मोकळे करा, अंधाऱ्या-सावलीच्या जागी ठेवा, आणि जरा वेळ तिच्याकडे बघूसुद्धा नका.)

सूनबाई काही बोलली नाही. फक्त गॅलरीचं दार लावून घेतलं. मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मात्र दोन दिवसांत "वास येतो" अशी तक्रार केली. वास येत नव्हता, पण भीती वाटते असं कोण म्हणेल? पाचव्या दिवशी नातवाला ताप भरला. एकशे चार. पुण्यात ऑक्टोबर म्हणजे डेंग्यूचा महिना, तपासणीत तेच निघालं. दवाखान्याच्या बाकड्यावर सूनबाईनं माझ्याकडे एकदाच बघितलं. ते बघणं मी आजीच्या डोळ्यांत बघितलं होतं. आठ दिवसांनी पोरगं बरं होऊन घरी आलं, म्हणून मी हे आज लिहू शकते. ते बरं झालं नसतं तर मी कुठल्या तोंडानं डास आणि विषाणूंची गोष्ट सांगितली असती, मला माहीत नाही.

याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. फार गुणी मुलगा. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वरापाशी पुलावर मारलं, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर, तेव्हापासून तो या कामात आहे. हे कार्यकर्ते उताऱ्यातला नारळ आणि अंडी लोकांसमोर खाऊन दाखवतात, आणि त्यानं खरोखर पुष्कळांची भीती जाते. तो म्हणाला, "शाबास बाई! आता हिचा रस्सा करू. दोन-चार जणांना बोलावू, फोटो काढू." मी हसले. मग रात्री मला ते हसणं खटकत राहिलं. ज्यानं उतारा टाकला त्याला तिच्यात इडापिडा दिसली. माझ्या विद्यार्थ्याला भीती घालवायचा पुरावा दिसला. पायाची कातडी निघालेलं, पाण्यासाठी धापणारं पाखरू दोघांनाही दिसलं नाही. दाभोलकरांच्या मृत्यूनंतर झालेला जादूटोणाविरोधी कायदाही माणसाची फसवणूक आणि छळ थांबवण्यासाठी आहे. तो हवाच होता. पण कोंबडीच्या बाजूचा कायदा म्हणजे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. कोंबडी त्याहून महाग आहे.

लहानपणी गावात ऐकलेल्या समजुती आठवून बघितल्या, तर प्रत्येकीचा शेवट कोंबडीच्या मानेशी होतो. कोंबडी आरवली की घरधनी जातो, म्हणून तिला लगेच मारायचं. खरं म्हणजे कोंबडीला एकच, डावं बीजकोष काम करतं. ते आजारानं बिघडलं तर उजव्या बाजूचा सुप्त भाग वाढतो, तिला तुरा येतो, ती आरवायला लागते. आजारी असते बिचारी. उलट्या पिसांचं कोंबडं मांत्रिकांना हवं असतं. ते जन्मजात असतं, आपल्यात कुणाचे केस कुरळे असतात तसं. आणि आपणच मागासलेले असं वाटून घेऊ नका. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात 1474 साली एका कोंबड्यावर अंडं घातल्याचा खटला भरून त्याला जाळलं होतं! खुडूक बसलेल्या कोंबडीची खोड मोडायला तिचंच पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचे. हे तर मी अनेकदा बघितलंय, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाई खेड्यातल्या जुन्या गोष्टी सांगतायत. मग नव्या सांगते. मार्च 2020 मध्ये चिकनमधून कोरोना होतो अशी आवई मोबाईलवरून उठली. भाव कोसळले, खाद्य परवडेना. बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यात एका पोल्ट्रीवाल्यानं सुमारे सहा हजार कोंबड्या जिवंत खड्ड्यात पुरल्या. त्या पुढे पाठवण्याच्या मजकुरात आणि आमच्या देवऋष्यात मला तरी काही फरक दिसत नाही. दुसरी समजूत सुशिक्षितांची: ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात. तसं काही करावं लागत नाही. ती जातच अशी निवडत निवडत तयार केली आहे की सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो भरते. कित्येकींच्या पायांना ते वजन पेलत नाही. इंजेक्शनची गोष्ट सांगितली की दोष कुणा लबाड माणसावर जातो आणि आपण सुटतो.

आपण म्हणजे मीसुद्धा. आमचं घर मांसाहारी आहे. रविवारी रस्सा होतो आणि नातवासाठी तो मीच करते. त्यामुळे शाकाहाराचं प्रवचन द्यायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण त्या पहाटेनंतर एक गोष्ट दिसायला लागली, जी याच रस्त्यावर पन्नास वर्षं राहून दिसली नव्हती. सकाळी स्कूटरच्या हँडलला दोन्हीकडे पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या जातात. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. उलटं टांगलं की पोटातलं सगळं वजन श्वासाच्या पिशव्यांवर येतं. सिग्नलला ती स्कूटर थांबते, आपण शेजारी असतो, आणि कुणी रस्ता बदलत नाही. मी एकदा त्या माणसाला म्हटलं, अहो, निदान खोक्यातून न्या. तो म्हणाला, "आज्जी, खायला न्यायच्यात, देवाला नाही." मला पुढे बोलता आलं नाही. पुन्हा भेटला तर पुन्हा म्हणणार आहे.

दिवाळीनंतर माझा भाचा गावाहून आला आणि आमची काळी घेऊन गेला. डाव्या पायानं ती जरा लंगडते. 2025 च्या उन्हाळ्यात खुडूक बसली. भाच्याच्या बायकोनं फोन करून विचारलं, "आत्या, नाकात पीस घालू का?" मी म्हटलं, नको गं, बसू दे तिला, खाली अंडी ठेव. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. दोन घारीनं नेली. उरलेल्यांत तीन तलंगा, त्यातली एक आईसारखी काळीभोर.

सर्वपित्रीला आठवडा असताना भाच्याचा फोन. "आत्या, काळ्या तलंगीला गिऱ्हाईक आलंय. दुप्पट देतंय. तुमची म्हणून विचारतो, काय सांगू?"

मी म्हटलं, "दारात उभं आहे का अजून? मग आधी विचार, घरात कोण आजारी आहे. आणि दवाखान्यात नेलंय का."